दीड बोटाची फट

उकंडा मिस्त्री कोणाच्या दारी गेला, तर आधी घराची विचारपूस करी आणि मग घरधन्याची. दारावर थाप मारण्याची रीत त्याला मान्य नव्हती. दाराशेजारच्या भिंतीवर तो मधल्या बोटाच्या पेराने तीनदा ठोकी, कान लावी, डोळे मिटी आणि भिंतीने काहीतरी खासगी सांगितले असावे अशी मान हलवी. तोवर घरधनी दारात येऊन ताटकळलेला असे. मग उकंडा डोळे उघडून त्याला म्हणे, "राम राम. मागच्या अंगानं पानी मुरून राह्यलं तुमच्या."

माझी त्याची पहिली गाठ अशीच पडली. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीपासून तीन कोसांवरच्या एका गावी मी मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो होतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तेथील लोक मला ओळखतात आणि तेवढे पुरे आहे. वय चोवीस. पंचक्रोशीत दुसरा बी. ए. नव्हता, असल्यास तो गप्प होता. भाड्याच्या खोलीत मी सामान लावीत असताना भिंतीवर टकटक झाली. बाहेर येऊन पाहतो तो गुडघ्यापर्यंत धोतर, चुन्याने पांढरे झालेले पाय, कमरेला सुतळीने बांधलेला, भिंतीची सरळी पाहण्याचा पितळी ओळंबा आणि भिंतीला कान लावलेला एक पन्नाशीचा मनुष्य.

"गुरुजी, खाट या भितीपाशी टाकली का?"

"हो."

"काढजा तिथून. हे भिंत आठ-धा रोजाची पाहुनी हाये."

मी विचारले, "हे तुम्हांला कोणी सांगितले?"

"कोनी म्हंजे? तिनंच." त्याने भिंतीकडे बोट दाखवले. एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडे दाखवावे तसे, जरा अदबीने.

मी खाट हलवली नाही. पदवीधराची खाट गवंड्याच्या सांगण्यावरून हलत नसते, असे माझे तेव्हाचे तत्त्व होते. नवव्या दिवशी भर दुपारी, मी वर्गात अपूर्णांक शिकवीत असताना, ती भिंत खाटेवर येऊन झोपली. खाली छत्री आणि इंग्रजी शब्दकोश सापडले. शिक्षणाने माणसाचा जीव वाचतो असे मी पुढे अनेक भाषणांतून सांगितले, पण हा दाखला कोठेही दिला नाही.

त्या संध्याकाळी मी उकंड्याला बोलावून "आत या" म्हणालो, तेव्हा तो उंबऱ्याकडे पाहत राहिला. त्याची वस्ती गावाच्या टोकाला, नाल्यापलीकडे होती. मग तो हसून म्हणाला, "गुरुजी, अर्ध्या गावाची घरं मी बांधली. भिंत छातीपरेंत येते तवरोक मी आतमंदी असतो. छपरावर कवेलू चढले का मी बाहेर. मंग आतली खबर बाहेरूनच काढा लागते. म्हनून कान असा तयार झाला." हे तो तक्रारीने म्हणाला नाही. एखादा पैलवान आपल्या दंडाचे कारण सांगतो, तसे सांगितले. मी पुन्हा "आत या" म्हणालो. तो आला, आणि बसण्यापूर्वी उरलेल्या तीन भिंती त्याने ठोकून पाहिल्या.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की, आमच्या शाळेच्या इमारतीला पन्नास वर्षे झाली म्हणून तेथल्या मंडळींनी एक स्मरणिका छापली आहे. कागद उत्तम, छपाई स्वच्छ आणि मजकूर बेजबाबदार. त्या शाळेच्या तिसऱ्या आणि चौथ्या खोलीच्या मध्ये, पायापासून जवळजवळ छपराच्या कवेलूंपर्यंत, समोरच्या आणि मागच्या दोन्ही भिंतींत दीड बोट रुंदीची एक सरळ उभी फट आहे. शाळा पाहायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की, ही फट कशाची? स्मरणिकेत या प्रश्नाची तीन उत्तरे दिली आहेत. पहिले, ही भूकंपाने पडली. भूकंप हातात ओळंबा घेऊन येत नाही. आला असता तर मी त्याला नोकरीवर ठेवला असता. दुसरे, दोन भावांनी शाळेसाठी देणगी दिली, पुढे ते भांडले आणि प्रत्येकाने आपापली शाळा वेगळी बांधून घेतली. ते दोन भाऊ मला ठाऊक आहेत. शाळेला त्यांनी दिलेले एकच दान म्हणजे त्यांची चौदा मुले. तिसरे उत्तर सर्वांत वाईट आहे, आणि ते माझ्याविषयी आहे. त्याच्याकडे मी शेवटी वळेन.

प्रश्नांची उत्तरे देणे हा खरे तर उकंड्याचा प्रांत. घर केव्हाचे, कोणी बांधले, कशाने तडकले, किती टिकेल हे विचारायला लोक दूरदूरच्या गावांहून येत. तो जुना चुना नखाने खरवडून जिभेवर ठेवी आणि म्हणे, "यात बेलफळाचं पानी हाये. माह्या आज्याच्या येळचं काम. आन् मिस्त्री डावखोरा होता." डावखोरा कशावरून, असे मी एकदा विचारले. त्याने मला भिंतीच्या कोपऱ्याशी नेऊन विटांमधल्या दर्जांवरून गवंड्याची थापी कोणत्या बाजूने फिरली होती ते दाखवले. ते पटले. पण त्याच भिंतीकडे पाहून "बायकोसंग भांडून आल्ता त्या दिवशी" असेही तो म्हणाला. त्याचा पुरावा मागितला, तेव्हा म्हणाला, "हे पाहा ना, हा एक थर कसा आपटला त्यानं."

गावाबाहेर एक पडकी गढी होती. ती पांडवांनी एका रात्रीत बांधली, असे गावात सर्वमान्य होते. शाळातपासनीसांसमोर एका प्रतिष्ठिताने ही माहिती दिली, तेव्हा बाजूला उभा असलेला उकंडा न राहवून म्हणाला, "एका राती तं चुना बी भिजत नाई, साहेब. भीम असो का कोनी असो, चुन्याले पंधरा रोज द्याच लागते." यावर प्रतिष्ठित म्हणाले, "देवाच्या कामात तू काऊन बोलून राह्यला?" उकंडा म्हणाला, "देवाचं काम असतं तं पाया असा उथळ नसता." तपासनीसांनी ते आपल्या वहीत टिपून घेतले. पांडवांचा उल्लेख मात्र टिपला नाही.

आता शाळेकडे येतो. तोवर आमचे वर्ग देवळात, चावडीत आणि एका चिंचेखाली भरत. नव्या इमारतीसाठी जागा दिली भाऊसाहेब मालगुजारांनी. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याचा हक्क, जाऊन तीन-चार वर्षे झाली होती. मालगुजार तेवढे शिल्लक होते. पाच खोल्यांची, एका ओळीची शाळा ठरली. वर्ध्याहून ओव्हरसियर साहेब आले, त्यांनी दोऱ्या लावल्या, चुना टाकला, चहा घेतला आणि गेले. उकंड्याने पाया खणायला घेतला. पूर्वेकडच्या तीन खोल्यांखाली हातभर खोलीवर पक्का मुरूम लागला. पश्चिमेकडच्या दोन खोल्यांखाली काळी माती लागली. पुरुषभर खणले, तरी काळीच.

आमच्याकडे घरे बांधायची ती पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या, बसलेल्या जमिनीवर. आणि पेरायचे ते काळीत. ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. बी. ए. च्या अभ्यासक्रमात ती नव्हती. उकंड्याने खड्ड्यातून काळ्या मातीचा नारळाएवढा गोळा वर आणला आणि इमारत समितीच्या बैठकीत भाऊसाहेबांच्या ओट्याखाली उभे राहून, हात लांब करून, तो ओट्याच्या कडेवर ठेवला.

"हे काय?" भाऊसाहेब म्हणाले.

"तुमची शाळा, मालक. दोन रोज उन्हात असू द्या."

दोन दिवसांनी त्या गोळ्याला चार भेगा पडल्या. उकंड्याने त्यावर लोटाभर पाणी ओतले. भेगा मिटल्या आणि गोळा फुगून ओट्याच्या कडेवरून खाली पडला. "या मातीले उन्हाळ्यात तहान लागते आन् पावसाळ्यात पोट फुगते," उकंडा म्हणाला. "तिच्या पाठीवर जो बसन, तो हालनच. शाळा चाळीस हात सूर्याकडं सरकवा. तिकडं सारा मुरूम हाये."

चाळीस हात पूर्वेला भाऊसाहेबांचा गोठा होता. भाऊसाहेब म्हणाले, "म्हंजे शाळेसाठी मी आपले बैल उठवू?" समितीने एकमताने ठराव केला की बैल उठवू नयेत. त्या ठरावाचा मसुदा माझ्या हातचा आहे. त्याची भाषा चांगली आहे.

उकंडा बांधत राहिला. भिंती खिडक्यांपर्यंत आल्या तेव्हा कुठे आमच्या ध्यानी आले की, तिसरी खोली जेथे संपते आणि चौथी जेथे सुरू होते, तेथे वीट विटेत गुंतवलेलीच नाही. दोन भिंतींची दोन टोके एकमेकांसमोर दीड बोट अंतर राखून, न बोलणाऱ्या शेजाऱ्यांसारखी उभी होती. मुरुमावरची तीन खोल्यांची एक शाळा आणि काळीवरची दोन खोल्यांची दुसरी. समिती धावत आली.

"काऊन रे उकंड्या," भाऊसाहेब गरजले, "नवी शाळा बांधून राह्यला का जुनी? भेग पडेल भिंत बांधते का कोनी?"

"मालक, भेग तं पडनारच हाये. तिच्या मनानं पडली तं वाकडी पडन, आन् जिथं तुमाले नको तिथंच पडन. मीच पाडून देली तं सरळ तरी राह्यन."

मंडळी हसली. ओव्हरसियर साहेबांना निरोप गेला. त्यांनी येऊन फटीत दोन बोटे घालून पाहिली आणि शास्त्रात असे कोठेही नाही, असा निर्णय दिला. पुढे मला कळले की शास्त्रात असे आहे, मोठ्या इमारतींत अशी फट मुद्दाम ठेवतात आणि इंजिनिअर लोक तिला इंग्रजी नावाने हाक मारतात. उकंड्याने तिला नाव दिले नव्हते, एवढेच त्याचे चुकले. साहेब म्हणाले, फट सिमेंटने बुजवा, नाहीतर इमारत पुरी झाल्याच्या कागदावर मी सही करणार नाही. सहीशिवाय उद्घाटन नाही, आणि उद्घाटनाला नागपूरहून शिक्षण खात्याचे एक बडे अधिकारी यायचे ठरले होते.

त्या समारंभाचे स्वागतपर भाषण माझे होते. मी ते आधीच लिहून पाठ केले होते. त्यात 'ही अखंड, अभेद्य वास्तू' असे शब्द दोन ठिकाणी होते. ते काढले असते तर वाक्याचा तोल जात होता.

कवेलू चढवून इमारत पुरी केल्यावर उकंडा म्हणाला, "माह्या हातानं नाई बुजवत." त्याने कमरेचा ओळंबा सोडला. तो त्याच्या आज्याचा होता. पितळेचा, पेरूएवढा, हाताळून गुळगुळीत झालेला. शाळेच्या कचेरीत येऊन त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला. "गुरुजी, बुजवा तुमी. येता उन्हाळा जाऊ द्या. भिंत दुसरीकडं नाई तडकली तं हा तुमचा. मी मिस्त्री म्हनून कोनाच्या दारी उभा नाई राह्यनार. तडकली तं घेऊन जाईन."

मी म्हणालो, "मंजूर." मला वाटले होते की तो कचरेल. तो कचरला नाही. ओळंब्याशिवाय मिस्त्री म्हणजे जिभेशिवाय मास्तर, हे मला कळत होते. तरी मी 'मंजूर' म्हणालो.

बुजवायचे कोणी? ज्याला त्याला अचानक शेतात कामे निघाली. तेव्हा एका रविवारी सकाळी मी स्वतः धोतर खोचले, सिमेंट कालवले, विटांचे तुकडे घेतले आणि शिडी लावली. उकंडा समोर एका लाकडी ओंडक्यावर बीडी ओढीत बसला होता. मी पहिली थापी मारली आणि तो विव्हळला.

"गुरुजी! थापी म्हंजे पोळी उलटाचा झारा नोय. मनगट सैल सोडा."

"तुम्हांला हे काम मान्य नाही ना?"

"नाईच हाये. काम चुकीचं हाये, पन चुकीचं काम तरी बरोबर करा! ईट भिजवली का? कोरडी ईट सिमेटातलं पानी पिऊन घेते. उतरा खाली. आधी भिजवा."

दिवसभर तो मला शिव्यांखेरीज सारे बोलला. तुकडा कसा धरावा, कोपऱ्यात गारा कसा दाबावा, दर्ज बोटाने कशी ओढावी, हे सारे त्याने समोर बसून माझ्याकडून करून घेतले. ओंडक्यावरून तो एकदाही उठला नाही. हात लावायचा नाही हा त्याचा पण होता. वरचा शेवटचा वीतभर भाग उरला तेव्हा माझे हात सोलून निघाले होते. मी थापी टाकून तो बोटांनीच भरला. त्यावर तो म्हणाला, "हे मातर बेस झालं." आयुष्यात मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत हे मी वरच्या क्रमांकावर धरतो.

उद्घाटन थाटात झाले. 'अखंड, अभेद्य' या शब्दांवर टाळ्या पडल्या. मग हिवाळा सरला, होळी झाली आणि त्या काळात उकंड्याचे जे झाले ते मी पाहत होतो. तो विहिरीतला गाळ काढी, दुसऱ्याच्या बांधावर दगड वाही, पण थापी हाती घेईना. "काय मिस्त्री, ओळंबा गुरुजीच्या घरी जेवाले गेला का?" असे लोक रस्त्यात विचारीत. तो म्हणे, "हो. उन्हाळ्यात येते म्हने परत." वाटेतल्या भिंती ठोकणे त्याने सोडले नव्हते. आमच्या शाळेवरून जाताना मात्र तो हात मागे बांधून जाई. आणि त्याचा ओळंबा माझ्या टेबलावर हजेरीपत्रकावर वजन म्हणून पडलेला असे. वारा आला की कागद फडफडत. तो हलत नसे. मला तो उगाच माझ्याकडे पाहत आहे असे वाटे.

चैत्र कोरडा गेला. रोज सकाळी मी भिंत पाही. माझे काम जसेच्या तसे होते. केसाएवढीही चीर नाही. मी भाऊसाहेबांना तसे दोनदा कळवले. वैशाखात आमच्याकडे ऊन कसे पडते हे वर्धेकरांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून पटत नाही. काळी जमीन अशी फाटली की त्यात शेळीचा पाय अडकावा. सुट्टीतली एक दुपार होती. मी कचेरीत बसलो होतो. चौथ्या खोलीतून जाड सतरंजी फाडल्यासारखा आवाज आला.

मी भरलेली फट शाबूत होती. त्या सिमेंटला काहीच झाले नव्हते. उकंड्याच्या देखरेखीखाली ते काम इतके पक्के झाले होते की ते हलेना. म्हणून त्याच्या दोन हात पलीकडे अख्खी भिंत तडकली होती. वाकडी, पायऱ्यापायऱ्यांनी, जमिनीपासून छपरापर्यंत. आणि तेथे मी स्वतः पंधरा दिवस खपून तैलरंगात आपल्या प्रांताचा नकाशा रंगवला होता. नागपूर राजधानी असलेला तो जुना मध्यप्रदेश. भेग त्या नकाशातून अशी गेली की आमचे आठ मराठी जिल्हे एका बाजूला आणि बाकी सारा हिंदी मुलूख दुसऱ्या बाजूला.

पुढल्या वर्षी राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही खरोखरच त्या राज्यातून निघून मुंबई राज्यात गेलो. त्यावरून गावात कथा पसरली की भिंतीला हे आधीच कळले होते. स्मरणिकेत तर भेग राज्यफेररचनेच्या दिवशीच पडली असे छापले आहे. साफ खोटे. ती आदल्या वर्षीच्या वैशाखात पडली. मी तेथे होतो. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी आधी आपले जन्मसाल सांगावे.

मी ओळंबा उचलला आणि भर उन्हात नाला ओलांडून उकंड्याच्या घरी गेलो. वाटेत तो काय बोलेल आणि मी काय उत्तर देईन याची मी पूर्ण तयारी केली होती. तो दारातच होता. मी ओळंबा पुढे केला. त्याने तो घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि एवढेच विचारले, "कुठून गेली?"

"नकाशातून."

"अरेरे," तो म्हणाला. "नकाशा चांगला काहाडला होता तुमी."

शाळेत येऊन त्याने भिंत ठोकली, कान लावला. मग तिच्यावर हात फिरवून हळूच म्हणाला, "लई दुखलं का वं?" भाऊसाहेबही आले होते. ते घसा खाकरून म्हणाले, "मग आता काय करा लागन, मिस्त्री?" 'उकंड्या' ऐवजी 'मिस्त्री' हे त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. उकंड्यानेही ऐकले असावे. पण त्याने तोंड भिंतीकडेच ठेवले होते.

मी भरलेली फट पुन्हा उकरायला त्याला तीन दिवस लागले. घामाने निथळत तो मला म्हणाला, "गुरुजी, काम लई पक्कं केलं तुमी. तोडता तोडता जीव गेला माहा." मग त्याने अंबाडीचा दोर डांबरात बुडवून त्या फटीत बसवला, म्हणजे पाणी आत जाऊ नये आणि भिंतीला मात्र हलायला जागा राहावी. नकाशावरची वाकडी भेग त्याने चुन्याने शिवली. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती दीड बोटाची फट पावणेदोन बोटे होते आणि पावसाळ्यात सव्वा. भिंत पुन्हा तडकलेली नाही.

मी म्हणालो, "मिस्त्री, इथे तुमच्या नावाचा दगड बसवू." तो म्हणाला, "नोको. नाव लावलं का लोक नाव वाचतेत, भिंत कोनी पाहात नाई. कोनी इचारलंच तं सांगजा, मिस्त्रीनं ठेवली, गुरुजीनं बुजवली, मातीनं उघडली. खरं तेवढं सांगजा." मी 'बरे' म्हणालो.

छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. नवे पांढरे धोतर नेसून शाळेत आला, तेव्हा मी विचारले, "काय पाहिले?" मला वाटले, तो गर्दीचे वर्णन करील. तो म्हणाला, "एवढी मानसं एका मैदानावर उभी होती गुरुजी, पन जमीन कुठीसा दबली नाई. पाय ठेवला तवाच समजलं. जागा पक्की हाये. आता हालत नाई." त्या दिवसापासून तो 'राम राम' ऐवजी 'जय भीम' म्हणू लागला आणि भाऊसाहेबांच्या ओट्यावर चढून बसू लागला. भाऊसाहेबांनी पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या. उकंडा ओटा ठोकून म्हणाला, "माह्याच हातचा ओटा हाये, मालक. दोघांचं वजन घेते, भेव नोको."

दोन वर्षांनी माझी बदली सिंदीला झाली. तेथे असतानाच एका वर्षी उकंडा वारला; मला ते पंधरा दिवसांनी कळले. मी गाडीने वर्ध्याला आणि तेथून मोटारीने गावी आलो. नाला ओलांडला, त्याच्या घरापुढे उभा राहिलो, आणि दारावर थाप मारायची सोडून माझा हात आपोआप भिंतीकडे गेला. मी मधल्या बोटाच्या पेराने तीनदा ठोकले आणि कान लावला. मला काहीही ऐकू आले नाही. आतून त्याची सून बाहेर आली. रडून तिचे डोळे सुजले होते, तरी मला तसा उभा पाहून तिला हसू फुटले. ती म्हणाली, "आत या गुरुजी. भिंत बरी हाये."

आता स्मरणिकेतील तिसरे उत्तर. पान सातवर माझा फोटो आहे आणि त्याखाली असे लिहिले आहे की, 'तत्कालीन मुख्याध्यापकांच्या दूरदृष्टीमुळे भिंतीत ही शास्त्रशुद्ध फट ठेवण्यात आली.' मी संपादकांना पत्र लिहून हे खोटे असल्याचे कळवले. त्यांचे उत्तर आले की, सर, आपला विनय सर्वश्रुत आहे. माझा विनय आजवर कोणी ऐकलेला नाही, आणि तो सर्वश्रुत असल्याचे मला वयाच्या या टप्प्यावर प्रथमच कळते आहे. मला पुष्कळ मानसन्मान मिळाले. त्यांतले काही थोडे कमीच मिळाले असे माझे मत आहे. पण हा मी घेणार नाही.

मात्र एक गोष्ट संपादकांच्या बाजूने सांगितली पाहिजे. तो समज त्यांनी उगाच करून घेतलेला नाही. गेल्या पन्नास वर्षांत ज्यांनी ज्यांनी मला फटीविषयी विचारले, त्यांना मी 'मिस्त्रीने ठेवली' असे सांगितले, 'मातीने उघडली' असेही सांगितले. मधले वाक्य मी दरवेळी गाळले. मधले वाक्य गाळले की ऐकणारा ती जागा आपल्या मनाने भरतो, आणि मास्तरविषयी असेल तर आदराने भरतो. म्हणून ते येथे लिहून देतो. फट मी बुजवली होती. माझ्या हाताने, एका रविवारी, दोन विशेषणांसाठी.

कोणाला शंका असल्यास त्याने शिडी घेऊन जावे. समोरच्या भिंतीत अगदी वर, कवेलूंखाली वीतभर जागेत उकंड्याने भिंत हलण्यापुरती एका कडेने चीर पाडली, बाकी सिमेंट उकरलेच नाही. "हे राहू द्या," तो शिडीवरून म्हणाला होता, "बेस झालेलं हाये." ते आजही तसेच आहे. त्या सिमेंटमध्ये माझ्या चार बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. साऱ्या इमारतीत कोणाची सही म्हणून असेल तर ती तेवढीच. आणि ज्याने ती उभी केली, त्याची खूण शोधायची तर ओळंबा लावून पाहावा. भिंत अजून सरळ आहे.